छायेचे प्रामाण्य

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या पोटातील गाठ बहुधा डॉक्टरच्या हाताला प्रथम लागत नाही; ती आईच्या हाताला लागते. अंगाला तेल चोळताना, न्हाऊ घालताना किंवा सदऱ्याच्या गुंड्या लावताना कुशीच्या एका बाजूस काहीतरी टणक, गुळगुळीत असे जाणवते. मूल तर हसतखेळत असते. त्यास ताप नसतो, दुखत नसते, जेवणही ठीक असते. घरात आजी असती, तर तिने ते पोट पाहताच ‘हे काही नेहमीचे दिसत नाही’ असे बजावले असते. पण आपणांपैकी पुष्कळांच्या बिऱ्हाडी आजी नसते. ती साताऱ्यास किंवा रत्नागिरीस असते आणि आपण कोरापुटास किंवा तेजपूरास असतो. म्हणून आईला आपल्याच हाताच्या साक्षीवर विश्वास ठेवावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी मुलास घेऊन सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसावे लागते.

थोड्या वेळाने हाती एक कागद पडतो. त्याच्या शेवटी दोन ओळींचा निष्कर्ष असतो: डाव्या मूत्रपिंडातून उद्भवलेली घन गाठ, विल्म्स अर्बुदाची शक्यता अधिक, इतर लक्षणांशी पडताळून पाहावे. सरकारी टिपणीत ज्याचे केस पांढरे झाले आहेत त्यास ही भाषा फार ओळखीची वाटते. ‘असे दिसते’, ‘असे असण्याचा संभव आहे’, ‘अंतिम निर्णय वरिष्ठांनी घ्यावा’ ही आपलीच वाक्ये. आपण ती कित्येकदा अंग चोरण्यासाठी लिहितो, आणि क्ष-किरणतज्ज्ञही कधी त्याच हेतूने लिहीत असेल; पण बहुधा तो खरे तेच लिहीत असतो. त्याला दिसले ते एवढेच आहे. प्रश्न पुढचा आहे. या दोन ओळींच्या आधारावर एका अजाण मुलाच्या शिरेत तीव्र औषध सोडावे काय? त्याचे मूत्रपिंड काढून टाकावे काय? गाठ कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिचा कण कोणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलेला नाही. केवळ छायेवरून देहावर हात टाकण्याचा अधिकार माणसास किती, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच नीतीचाही आहे, आणि त्याचा विचार करण्यास डॉक्टर असणे आवश्यक आहे असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पडद्यावर मुलाच्या पोटाचे चित्र उमटलेले पाहिले की सामान्य माणसास ते प्रत्यक्षच वाटते. ‘आता तर दिसलेच की!’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तेथे पाहण्यापेक्षा तर्कच अधिक असतो. सोनोग्राफीत ध्वनिलहरी आत जातात, निरनिराळ्या पेशीजालांवर आपटून परत येतात, आणि परत येण्यास लागलेला वेळ व त्यांचा जोर यांवरून यंत्र करड्या छटांची आकृती रचते. सीटी स्कॅनमध्ये चहूबाजूंनी सोडलेल्या क्ष-किरणांपैकी किती शोषले गेले याची मोजदाद होते आणि त्या आकड्यांतून गणिताने शरीराचा छेद उभा केला जातो. म्हणजे पर्वतावर धूर दिसला आणि अग्नीचे अनुमान केले, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. फरक इतकाच की येथे धूरही यंत्राने काढलेला असतो. आणि बापाच्या हाती पडतो तो तर निव्वळ शब्द: ज्याने चित्र वाचले त्याचे वचन. चित्र म्हणजे पंचनामा नव्हे, ही गोष्ट प्रथम मनाशी पक्की केली पाहिजे. अनुमान त्याज्य आहे असा मात्र याचा अर्थ नाही. नैयायिकांनी अनुमानास हीन लेखले नाही. हेतू कोठे फसतो हे शोधण्यात त्यांनी बुद्धी खर्चिली.

या गाठीचे नाव आणि तिला पाहण्याचे साधन ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जन्मास आली. व्यूर्त्सबुर्ग येथे रंटगेनला क्ष-किरण सापडले ते १८९५ च्या नोव्हेंबरात. माक्स विल्म्स या जर्मन शल्यवैद्याने मूत्रपिंडातील मिश्र अर्बुदांवर आपला ग्रंथ लिहिला तो १८९९ मध्ये. त्यापूर्वीही इतरांनी ही गाठ वर्णिली होती. पण नाव त्याचे राहिले. तो स्वतः १९१८ मध्ये घटसर्पाने वारला. त्या काळी ही गाठ झालेली बहुतेक मुले दगावत. क्ष-किरणांना हाडे दिसत, मूत्रपिंड दिसत नसे. १९२९ मध्ये बर्लिनमध्ये स्विक आणि लिख्टेनबेर्ग यांनी शिरेतून द्यावयाचे असे औषध वापरात आणले की जे मूत्रपिंडातून बाहेर पडताना क्ष-किरणांस अडवी. तेव्हापासून मूत्रपिंडाच्या पोकळीची पांढरी छाया दिसू लागली, आणि ती दबलेली, ताणलेली, एका अंगास रेटलेली दिसली की आत काहीतरी आहे असा तर्क होऊ लागला. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या विम्बल्डन येथे हाउन्सफील्डच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. आठ वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यास कॉर्मॅकसह नोबेल पारितोषिक मिळाले. आज एमआरआयही आहे. छाया उत्तरोत्तर रेखीव होत गेल्या. पण त्या छायाच राहिल्या.

ही रेखीवता किती कामाची आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. मुलांच्या पोटात त्याच वयात आणि जवळजवळ त्याच जागी दुसरी एक गाठ होते, न्यूरोब्लास्टोमा. ती बहुधा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतून निघते आणि अखंड मूत्रपिंडास खाली ढकलते. मोठ्या रक्तवाहिन्यांस ती वेढा घालते, पाठीच्या कण्याची मध्यरेषा ओलांडून पलीकडे जाते, आणि तिच्यात चुन्याचे कण पुष्कळदा दिसतात. विल्म्स अर्बुद मूत्रपिंडाच्या पोटातूनच वाढते. उरलेले निरोगी मूत्रपिंड त्याच्याभोवती नखीसारखे पसरलेले दिसते. ते रक्तवाहिन्यांस बहुधा वेढीत नाही, बाजूस सारते. मात्र कधीकधी शिरेच्या आत शिरून हृदयाच्या दिशेने सरकते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी हे ठाऊक नसेल तर अनर्थ होऊ शकतो. दोन्ही गाठींचे उपचार वेगळे, भविष्य वेगळे. केवळ हात लावून हा भेद कळणे कठीण. छायेतून तो बहुतेक वेळा कळतो. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द आम्ही जाणून योजिले आहेत.

कारण मूत्रपिंडातील प्रत्येक घन गाठ विल्म्सची नसते. मुलांतील अशा अर्बुदांत सुमारे नव्वद टक्के ती असते हे खरे. पण उरलेल्या दहांत अधिक क्रूर जातीही आहेत आणि अगदी निरुपद्रवीही आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आढळणारी एक गाठ बहुधा काढून टाकली की संपते, औषध लागतच नाही. काही वेळा जुनाट जंतुसंसर्गानेच मूत्रपिंड असे फुगते की चित्रात ते अर्बुदच भासावे. हेतू आहे पण साध्य नाही, असा हा प्रसंग आहे. नैयायिक त्यास सव्यभिचार हेतू म्हणतात.

येथे जगातील डॉक्टरांचे दोन पंथ पडले, आणि आमच्या मते या संपूर्ण विषयातील विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. अमेरिकेतील अभ्यासगट १९६९ मध्ये सुरू झाला. त्यांचा सामान्य नियम असा की शक्य असेल तेथे प्रथम शस्त्रक्रिया करून मूत्रपिंडासह गाठ काढावी, सूक्ष्मदर्शकाखाली तिची जात ओळखावी, आणि मग काय औषध द्यावयाचे ते ठरवावे. युरोपातील गटाचा पहिला प्रयोग १९७१ मध्ये सुरू झाला. त्यांचा मार्ग उलटा. सहा महिन्यांवरील मुलाच्या बाबतीत वय, लक्षणे आणि छाया ही परस्परांशी जुळली, तर ते तुकडा न काढताच औषध सुरू करतात. चार आठवडे व्हिन्क्रिस्टिन आणि ॲक्टिनोमायसिन ही औषधे देऊन गाठ आक्रसली म्हणजे मग शस्त्रक्रिया करतात. (यांपैकी व्हिन्क्रिस्टिन हे आपल्या परसातील सदाफुलीच्या झाडापासून मिळते. देवाला वाहण्यापलीकडे आपण ज्या फुलाची किंमत कधी केली नाही, त्याच्या पानांत हे निघाले!)

वरवर पाहता अमेरिकन पंथ अधिक नीतिमान वाटतो. जाणल्यावाचून विष देऊ नये, हे तत्त्व कोणासही पटेल. युरोपीय पद्धतीत शंभरांतील एक-दोन मुलांस निरुपद्रवी गाठीसाठी कर्करोगाचे औषध दिले जाते, हे त्या पंथाने स्वतःच आपल्या प्रयोगांतून नोंदविले आहे. पण दुसरी बाजू ऐकावी. ही गाठ मऊ, भरगच्च आणि पातळ आवरणाची असते. प्रथमच पोट उघडून ती काढू गेले की हातात फुटण्याचा धोका असतो, आणि फुटली की तिचे कण पोटभर पसरतात व पुढे पोटावर किरणोपचार करावे लागतात. युरोपीयांच्या पहिल्या प्रयोगात शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार दिलेल्या मुलांत शंभरी चार गाठी फुटल्या. ज्यांच्यावर थेट शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात तीनांतील एक फुटली. खात्री करून घेण्याच्या आग्रहाची किंमत कोण देतो, हे या आकड्यांवरून दिसते. याच्या उलट, दोन वर्षांखालील ज्या मुलांची गाठ लहान आणि पूर्णपणे काढलेली असते, त्यांतील काहींस अमेरिकन पद्धतीत पुढे औषधच द्यावे लागत नाही. युरोपीय मार्गाने गेले असते तर त्यांस ते आधीच मिळाले असते. ब्रिटनमधील डॉक्टर काही वर्षे मधल्या वाटेने गेले: सुईने नमुना घ्यावा आणि मग औषध द्यावे. त्यांच्या एका मोठ्या अभ्यासात छायेवरून विल्म्स समजलेल्या शंभर गाठींपैकी बारा निराळ्या निघाल्या. पण सुईही निर्दोष नाही. अमेरिकन नियमाप्रमाणे तिचे एक छिद्रही रोगाची पायरी वाढविते आणि उपचार कडक करते. शिवाय गाठ दोन्ही मूत्रपिंडांत असली तर अमेरिकन डॉक्टरही तुकडा न घेताच औषधाने आरंभ करतात, कारण तेथे निरोगी मूत्रपिंडाचा कणन् कण वाचवावयाचा असतो. म्हणजे अडचणीच्या जागी तेही छायेवर विश्वासतात.

आणि निकाल? समृद्ध देशांत दोन्ही मार्गांनी दहांतील नऊ मुले वाचतात. पन्नास वर्षांहून अधिक काळ दोन बुद्धिमान आणि प्रामाणिक समाज परस्परविरुद्ध क्रमाने वागले आणि एकाच ठिकाणी पोहोचले, हे पाहून आमच्या मनास प्रथम थोडा गोंधळ वाटला. मग असे वाटले की त्यांचा वाद वस्तुतः आकड्यांचा नाहीच. कोणती चूक अधिक असह्य मानावी, याचा तो वाद आहे. एकास न जाणता केलेली कृती असह्य वाटते. दुसऱ्यास जाणण्यापायी झालेली इजा असह्य वाटते. आणि दोघांपैकी कोणी निर्दय आहे असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

जाणण्यापायी इजा होते, हे विधान अलंकारिक समजू नये. या रोगात ते अक्षरशः खरे आहे. अशा मुलाच्या खाटेवर ‘पोट दाबून पाहू नये’ अशी पाटी लावण्याची पद्धत आहे. दहा विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी दहादा चाचपले तर गाठ फुटण्याची भीती. हाताने जाणणे धोक्याचे, सुईने जाणणे धोक्याचे. क्ष-किरणांचे काय? ऑक्सफर्ड येथे ॲलिस स्ट्यूअर्ट या बाईंनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या मातांस प्रश्न विचारले आणि १९५६ मध्ये जाहीर केले की गरोदरपणी पोटाचे क्ष-किरण चित्र घेतलेल्या मातांच्या मुलांत हा रोग अधिक आढळतो. पुष्कळ वर्षे तज्ज्ञांनी ते मानले नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीने बालपणीच्या सीटी स्कॅननंतर रक्ताच्या व मेंदूच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो असे दाखविले. धोका लहान आहे, आणि गाठ असलेल्या मुलाचा आवश्यक स्कॅन टाळणे हा मूर्खपणा ठरेल. पण तो लहान आहे म्हणून शून्य नव्हे. एमआरआयमध्ये किरण नाहीत, तर लहानग्यास निश्चल ठेवण्यासाठी बहुधा गुंगी द्यावी लागते. सर्वांत सौम्य साधन सोनोग्राफी. आणि आमच्या देशाचे दुर्दैव असे की या सर्वांत सौम्य यंत्रालाच कायद्याने बांधावे लागले. गर्भातील मुलगी शोधून तिचा नाश करण्याकडे त्याचा उपयोग होऊ लागला म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदे केले. वाचकांपैकी काहींनी त्या यंत्रांच्या नोंदवह्या तपासल्या असतील. एकच डोळा मुलाचा जीव वाचवितो आणि मुलीचा घेतो. दोष डोळ्याचा नव्हे, हे उघड आहे.

अधिक स्पष्ट दिसले म्हणजे अधिक कळले, हीही समजूत पारखून घ्यावी. हे अर्बुद पसरले तर बहुधा प्रथम फुप्फुसांत जाते. पूर्वी छातीचे साधे क्ष-किरण चित्र काढीत. त्यात डाग दिसला तर रोग पसरला, न दिसला तर नाही, असा सरळ हिशेब असे. सीटी आल्यावर साध्या चित्रात मुळीच न दिसणारे बारीक ठिपके दिसू लागले. आता या ठिपक्यांचे काय करावे? रोग पसरला म्हणून औषध आणि किरण वाढवावेत, की पूर्वीच्या पिढीने जे पाहिलेच नाही त्याकडे दुर्लक्ष करावे? काही ठिपके काढून तपासले तेव्हा त्यांतील कित्येक अर्बुदाचे नव्हतेच. आणि ज्या देशात क्षयाचा संसर्ग घरोघर आहे, तेथे फुप्फुसातील एखादा ठिपका कशाचा, हे युरोपातील पुस्तक वाचून सांगणे कठीणच. डोळा तीक्ष्ण झाला तशी अज्ञानाची नवी सरहद्द उघडी पडली. येथे आम्हांस तज्ज्ञांचा एक गुण फार आवडला: दिसते म्हणून मारलेच पाहिजे, असा हट्ट न धरता पहिल्या काही आठवड्यांच्या औषधाने ठिपका विरतो की नाही हे पाहून पुढील निर्णय करण्याची पद्धत त्यांनी बसविली.

आता आमचे स्वतःचे मत. नदीकाठच्या जिल्ह्यात ज्यांनी काम केले आहे त्यांस हा पेच नवा नाही. वरच्या ठाण्यावरून पाण्याची उंची कळते. पूर अजून कोणी पाहिलेला नसतो. गावे उठवावीत तर पाणी ओसरते आणि लोक शिव्या देतात. न उठवावीत तर रात्री प्रेते मोजावी लागतात. ‘पूर प्रत्यक्ष आल्यावर अहवाल सादर करावा’ असे लिहिणारा अधिकारी ज्ञानाच्या दृष्टीने बिनचूक असतो, आणि कर्तव्याच्या दृष्टीने गुन्हेगार. थांबणे ही कृती नव्हे, असे मानणाऱ्यांशी आमचे जमत नाही. आपल्या देशात तर ही गाठ पुष्कळदा फार वाढल्यावर रुग्णालयात येते. दूरच्या गावाहून, दोन-तीन ठिकाणी हिंडून आलेल्या, पोट भरून गाठ असलेल्या मुलावर प्रथमच सुरी चालविण्यापेक्षा छाया प्रमाण मानून आधी औषध द्यावे, या पक्षाकडे आमचे मन झुकते. मात्र छायेत एखादी खूण जुळत नसेल, मूल अगदी तान्हे असेल किंवा दहा वर्षांचे झाले असेल, तर तेथे झपाट्याने पुढे जाणारा डॉक्टर आम्हांस भरवशाचा वाटणार नाही. शेकडा नव्वदांसाठी केलेला नियम समोरच्या मुलास लावताना हे नव्वदांपैकी आहे काय, एवढे विचारण्याचे श्रम तरी घेतलेच पाहिजेत.

आणि आईबापांस काय सांगावे? संमतीचा कागद पुढे येतो तेव्हा मुलाच्या वतीने बाप सही करतो. ज्याच्या शिरेत औषध जावयाचे त्यास सही करता येत नाही, प्रश्नही विचारता येत नाही. अशा वेळी ‘आम्हांस खात्री आहे’ असे डॉक्टरने म्हटले तर बापास हायसे वाटते हे खरे. पण ते खोटे असेल तर? आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस डॉक्टरने सरळ सांगितले होते: ‘चित्रावरून आमचा अंदाज पक्का आहे. शंभरांत एखाद-दुसरे वेळी तो चुकतो. ती चूक टाळण्यासाठी सुई घातली तर वेगळा धोका आहे. मी माझ्या मुलास हेच केले असते.’ गृहस्थ सांगत की त्या रात्री त्यांस झोप लागली नाही, पण त्या डॉक्टरविषयी पुन्हा कधी शंकाही आली नाही. अनिश्चितता मनात ठेवून निर्णय घेणे हे डॉक्टरचे काम. पण तिचा अर्धा भार तरी बापास उचलू द्यावा. मुलाच्या बापास अज्ञानात ठेवणे ही दया नव्हे. ‘पडताळून पाहावे’ असे लिहिणाऱ्या तज्ज्ञाने उपचार करणाऱ्या डॉक्टरला फोन करून आपल्या मनात कोणती शंका होती हे सांगावे, असेही आम्हांस वाटते; कागदावरील दोन ओळींत ती मावत नाही.

यात आणखी एक प्रकार आहे आणि तो आपल्या वर्गास विशेष जाचक आहे. काही मुले जन्मतःच या अर्बुदाच्या धोक्यात असतात: कोणाच्या डोळ्यांत बुबुळाचा रंगीत पडदाच नसतो, कोणाची जीभ मोठी असते, कोणाचे अर्धे अंग दुसऱ्यापेक्षा अधिक वाढते. अशा मुलांची सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी, वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत करीत राहावे लागते. रोग नाही, पण वाट पाहावयाची. गर्भावस्थेतील मूत्रपिंडाचे अवशेष शंभर नवजात बालकांमागे सुमारे एकाच्या अंगी सापडतात. त्यांतील बहुतेक आपोआप विरतात आणि फार थोडे पुढे अर्बुद होतात. विल्म्स अर्बुद दहा हजारांत एखाद्याच मुलास होते. म्हणजे आज दिसलेला ठिपका बहुधा उद्या नाहीसा होणार; पण ‘बहुधा’वर तीन महिने काढावयाचे, आणि पुन्हा तीन महिने. अशा ठिपक्याचा अर्थ एका चित्रावरून लागत नाही. तो मागच्या चित्राशेजारी ठेवूनच कळतो, वाढला की घटला. बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते, नव्या गावी नवा डॉक्टर नव्या यंत्रावर नवे चित्र काढतो आणि विचारतो, ‘याआधीची चित्रे आहेत काय?’ म्हणून अशा घरातील आई मुलाची सगळी जुनी चित्रे आणि अहवाल तारीखवार लावून, मेणकापडात गुंडाळून, मालगाडीने जाणाऱ्या ट्रंकेत न टाकता, हातातल्या पिशवीत घेऊन प्रवास करते.